नवी प्रजाती की नवी जाती?

प्रश्न असा: दक्षिण अमेरिकेतल्या हार्वेस्टमन या कोळ्यासारख्या दिसणाऱ्या आठ पायांच्या प्राण्यांचा नवा ‘जीनस’, म्हणजे जवळच्या स्पीशीजचा गट, नोंदवला गेला, तर मराठीत त्याला नवी प्रजाती म्हणायचं, नवी जाती की नवा वंश?

जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती, हेच मी धरून चालतो. शाळेत आपण कुल, प्रजाती, जाती अशाच क्रमाने शिकलो. हिंदीत मात्र स्पीशीजला सर्रास ‘प्रजाति’ आणि जीनसला ‘वंश’ म्हणतात. बातम्यांच्या मराठीत ते शब्द तसेच उतरतात आणि घोळ होतो. ‘वंश’ चुकीचा नाही, पण एकाच लेखात दोन्ही नकोत.

प्रजाती आणि जाती हा भेद जपायलाच हवा. नवी जाती म्हणजे आजवर वर्णन न झालेला जीव. नवी प्रजाती हा जातींमधल्या नात्याविषयीचा दावा असतो. जुन्याच जातींची फेरमांडणी करूनही ती उभी राहते. जर्मन अभ्यासक कार्ल फ्रीडरिक रोव्हर यांनी विसाव्या शतकात पायांच्या टोकाकडचे खंड मोजून हार्वेस्टमनच्या ढीगभर प्रजाती केल्या, कित्येकींत जाती एकच! पुढे नरांच्या जननेंद्रियांची रचना बारकाईने पाहिल्यावर त्यांतल्या अनेक दुसऱ्या प्रजातींत विलीन झाल्या.

नाव देण्याचे नियमही वेगळे. प्रजातीचं नाव प्राणिसृष्टीतल्या दुसऱ्या कुठल्याही प्रजातीला आधी दिलेलं नसावं, तिची एक प्रारूप जाती (जिच्याशी प्रजातीचं नाव बांधलेलं असतं ती) ठरवावी लागते, शिवाय नावाला लिंग असतं. ब्राझीलमधल्या हार्वेस्टमनच्या ‘गोनिओसोमा’ या प्रजातीचं उदाहरण घ्या. निसर्ग अभ्यासक पेर्टी यांनी १८३३ मध्ये हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘गोनिया’ म्हणजे कोन, ‘सोमा’ म्हणजे शरीर. ‘सोमा’ नपुंसकलिंगी, म्हणून जातीचं विशेषण ‘व्हेरिअस’ किंवा ‘व्हेरिआ’ नव्हे, ‘व्हेरिअम’: गोनिओसोमा व्हेरिअम. वेगळा-वेगळी-वेगळं म्हणणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. जाती दुसऱ्या प्रजातीत हलवली की असा शेवट बदलू शकतो.

आणि कृपा करून ‘कोळ्याची नवी प्रजाती’ लिहू नका. हार्वेस्टमनला आठ पाय असले तरी रेशीम नाही, विष नाही, कोळ्यासारखी बारीक कंबरही नाही. हार्वेस्टमनच्या गणाचं (कुलाच्या वरच्या गटाचं) नाव ओपिलिओनिस. लॅटिनमध्ये ‘ओपिलिओ’ म्हणजे मेंढपाळ. मराठीत रुळलेलं नाव नसल्यामुळे मी सरळ ‘हार्वेस्टमन’च लिहितो: ‘हार्वेस्टमनची नवी प्रजाती, तीत दोन नव्या जाती’.