हिस्सा, हक्कसोडपत्र आणि ‘स्त्रीवादी’ हे नाव

प्रश्न : माझे माहेर चोपडा तालुक्यात आहे. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्रावर सही करण्यास सांगितले, तेव्हा मी विचारासाठी वेळ मागितला. तेव्हापासून मला ‘स्त्रीवादी’ म्हणून हिणवले जाते. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरचे बोलावणेही आले नाही. मला वैर नको आहे. ‘मी स्त्रीवादी नाही’ असे सांगून टाकू का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आखाजीला माहेरचे बोलावणे न येणे म्हणजे काय, हे खानदेशातल्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. तुम्ही फक्त वेळ मागितलात, तरीही तुम्हाला नाव ठेवले गेले. कारण नाव ठेवले की हिश्श्याचा विषय बाजूला पडतो आणि बाईच्या स्वभावाची चर्चा सुरू होते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हे बदल कुणीतरी मागितले म्हणून झाले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि पुढे पत्नीच्या नावे जमीन करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम शेतकरी संघटनेने चालवली. निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईचे नाव सात-बारावर असावे, ही मागणी म्हणजे स्त्रीवादच, मग मागणारीने तो शब्द उच्चारलेला असो वा नसो.

म्हणून हे नाव तुम्ही मिरवलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही, पण ते नाकारू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगते. ते नाकारले म्हणून बोलावणे येईल असे मला वाटत नाही. फार तर ‘मग सही कर’ एवढेच ऐकू येईल. भावांना शांतपणे सांगा, की बहीण-भावाचा हक्क सारखा मानणे म्हणजे स्त्रीवाद असेल तर मी स्त्रीवादी आहे, आता जमिनीबद्दल बोलू. प्रेमापोटी हिस्सा सोडावासा वाटला तर तोही तुमचाच अधिकार आहे. मात्र नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागे घेणे अतिशय कठीण असते, त्यामुळे वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

तुमच्या पत्रात आईचा उल्लेख नाही. त्या हयात असतील तर त्याही वारस आहेत. त्यांच्या सहीसाठी कोणता कागद तयार झाला आहे, हे आधी विचारा.