वाचकांचे प्रश्न : दापोली ते गणपतीपुळे, सायकलने

प्रश्न : महामार्ग टाळून दापोलीहून गणपतीपुळ्याला रोड सायकलने जायचे आहे. पुढे ५०-३४, मागे ११-२८ दात्यांचे गिअर आहेत. चालेल का?

उत्तर : दाभोळ–धोपावे फेरीबोट, गुहागर, हेदवी, तवसाळ–जयगड फेरीबोट, मालगुंड असा रस्ता धरा. आडवारी रहदारी तुरळक. अंतर फसवे आहे. प्रत्येक खाडीला उतरायचे आणि लगेच चढायचे. सामान लादून २८ दात्यांवर गुडघे बोलू लागतील. मागे ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) लावा. मात्र डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दाते पेलतो का ते आधी तपासा, साखळीही लांब लागेल.

टायर २८ किंवा ३२ मिमीचे, हवा थोडी कमीच. वळणांवर जांभ्याची बारीक खडी सांडलेली असते, तिथे टणक टायर घसरतो. ब्रेक वळणाआधीच लावा, वळणात नाही. रिम ब्रेक (चाकाची धातूची कड, म्हणजे रिम, आवळणारे) सतत दाबून धरले तर रिम तापते. आलटून पालटून दाबा.

खारी हवा साखळीला रातोरात गंज चढवते. मुक्कामी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, वाळल्यावरच तेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून, म्हणजे तुमच्या पाठीशी. उलट दिशेने येणाऱ्यांनी पहाटेच निघावे.