मागणं पातळ करू नकोस

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बुधवारच्या प्रार्थनासभेत तुझी प्रार्थना ऐकून मी दचकलो. तीन वर्षं तू म्हणत होतीस, "प्रभू, दादाला घरी आण." परवा म्हणालीस, "दादा जिथे असेल तिथे त्याला सुखात ठेव, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." नंतर चपला घालताना विचारलंस, "काका, माझा विश्वासच कमी पडतोय का?" तिथे दारात मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मागणं पातळ करू नकोस. तुला दादा घरी हवा आहे ना? मग तेच माग.

हे मी इतक्या जोरात का सांगतो, ते ऐक. हिशोबावरून मंडळीत भांडण झालं आणि माझ्या वडिलांनी उपासनेला जाणं सोडलं. रविवारी घंटा वाजली की ते ओट्यावर पाठ फिरवून बसत. मी चार वर्षं रोज त्यांच्यासाठी प्रार्थना केली. मग एक दिवस आईला म्हणालो, "देवाच्या मनात नसेल." आई काही बोलली नाही. तिचं पहाटेचं गुडघे टेकणं चालूच राहिलं. पुढे सात वर्षांनी, मी पुण्यात नोकरीला असताना, नाताळच्या सकाळी तिचा फोन आला: "आज तुझे वडील माझ्याशेजारी उपासनेला बसले होते." मला आनंद झाला, पण परक्याच्या घरच्या लग्नाचा व्हावा तसा. सात वर्षं मी ते मागितलंच नव्हतं. मी थकलो होतो आणि थकव्याला देवाची इच्छा असं नाव दिलं होतं. त्याची बोच अजून आहे.

तू म्हणशील, वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूही "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणाला. म्हणाला. पण त्याआधी काय म्हणाला? "हा प्याला माझ्यावरून टळून जावो." काय हवं ते त्याने लपवलं नाही. आणि पहिल्याच वेळी स्वतःला बापाच्या इच्छेवर सोपवूनही तो पुन्हा गेला, तिसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदाही शब्द तेच होते, असं शुभवर्तमानात मत्तय मुद्दाम लिहितो. सोपवल्यावर मागणं संपत नाही, बाळ. प्रेषित पौलानेही देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि थांबला. पण कधी थांबला? "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळाल्यावर. तुला उत्तर मिळालंय का? नाही ना? मग थांबायला कोणी सांगितलं?

विश्वासाचं विचारलंस. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा आठव. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही, आणि ही बाई न्याय मागायला पुन्हा पुन्हा दारात. तिच्या मनाला काय वाटत होतं, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. ती येत राहिली, एवढंच आहे. आणि ही गोष्ट संपवताना प्रभू विचारतो, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? म्हणजे त्या येत राहण्यालाच तो विश्वास म्हणतो. तू आपल्या छातीत काही पेटतंय का ते चाचपत बसलीस. ते सोड, दारात जा.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जानेवारीत सुमारे ७० जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. मागणं एकच, जागृतीचं, म्हणजे देवाच्या आत्म्याने मनं नव्याने पेटावीत याचं. ती जूनच्या अखेरीस आली. आपण जून सांगतो. मला मात्र मार्च-एप्रिलमधल्या त्या बायका दिसतात, कालच्यासारखंच आजही काही न घडता उठून कामाला लागणाऱ्या.

मंडळीत मला हट्टी म्हणतात, हे तुलाही ठाऊक असेल. माझी एक मागणी १९ वर्षं तशीच आहे. "आता पुरे, स्वीकारा" असं प्रेमाने सांगणारे बरेच भेटले. पण एकदा सोडून पाहिलंय मी. पुन्हा सोडणार नाही, आणि त्याबद्दल कोणाला उत्तर द्यायचं मला कारण दिसत नाही.

माझी आई पहाटे पाचला बसायची, मीही तेव्हाच बसतो. उद्यापासून तुझ्या दादाचं नाव माझ्याही तोंडी असेल. बुधवारी सभेला ये आणि सगळ्यांसमोर जुन्याच शब्दांत माग. रडू आलं तर येऊ दे.

तुझा,
काका