ताई ची : आधी पाय, मग हात

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे आहे. यंत्रमागापुढे उभ्याने काम करण्यात उमेदीची सारी वर्षे गेली. आता निवृत्तीनंतर गुडघे दुखतात आणि रात्री जिना उतरताना तोल जाईल अशी भीती वाटते. मुलाने मोबाइलवर ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा २४ हालचालींचा क्रम दाखवला. तो पाहून सराव सुरू केला, तर आठवडाभरात उजवा गुडघा अधिकच दुखू लागला. आमच्या भागात शिकवणारे कोणी आढळले नाही. या वयात हा व्यायाम करावा का, आणि करायचा तर सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : अवश्य करावा, मात्र गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा चालताना एकाएकी दगा देत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावे आणि तोपर्यंत सराव थांबवावा. गुडघ्याच्या झिजेसाठी अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ताई चीची ठामपणे शिफारस केली आहे, आणि उतारवयात पडण्याचा धोका या सरावाने कमी होतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे आपण निवडलेला व्यायाम योग्यच आहे. सुरुवात मात्र चुकीच्या टोकाकडून झाली आहे.

आपण पाहिलेला क्रम १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी ताई चीच्या यांग नावाच्या शैलीतून बेतला. पूर्ण क्रम पाच-सहा मिनिटांत होतो, म्हणून तो सोपा वाटतो. परंतु चित्रफितीत डोळ्यांत भरतात ते हात, आणि ताई चीचे खरे काम चालते ते पायांत. शरीराचा भार कोणत्या क्षणी कोणत्या पायावर आहे, हे पडद्यावर दिसत नाही. नवशिका हातांची नक्कल करतो आणि भार असलेलाच पाय जमिनीवर फिरवतो. पाऊल जागीच राहते, मांडी वळते आणि सारा पीळ गुडघ्यावर येतो. आपला गुडघा दुखावण्याचे हे कारण असण्याची दाट शक्यता मला वाटते.

म्हणून तो क्रम काही आठवडे बाजूला ठेवावा. दोन्ही पाय खांद्यांइतके अंतर ठेवून समांतर उभे राहावे, गुडघे किंचित सैल सोडावेत, खांदे व कोपरे खाली उतरू द्यावीत आणि मान सरळ ठेवावी. वर्षानुवर्षे उभ्याने काम केलेल्या माणसाला गुडघे ताठ करून किंवा एकाच पायावर रेलून उभे राहण्याची सवय असते, आणि ती सुटायला वेळ लागतो. तेव्हा नुसते असे दोन-तीन मिनिटे उभे राहणे हाही पहिल्या दिवसांतला पुरेसा धडा आहे. त्यानंतर भार हळूहळू डाव्या पायावर न्यावा, मग उजव्यावर. भार पूर्ण गेला की नाही याची खूण अशी, की रिकाम्या पायाची टाच धड न झुकवता सहज उचलता आली पाहिजे. हे जमल्यावर पाऊल टाकायला शिकावे : रिकामा पाय पुढे नेऊन टाच टेकवावी, पाऊल पूर्ण टेकल्यावरच भार त्यावर न्यावा. पुढचा गुडघा बोटांच्या पुढे जाऊ नये आणि बोटांच्याच दिशेला राहावा. सुरुवातीला हाताशी भिंत किंवा जड खुर्ची असू द्यावी.

हाताची पहिली हालचाल त्यानंतर, आणि तीही एकच : दोन्ही हात खांद्यांपर्यंत उचलून सावकाश खाली आणणे. पुढे चित्रफितीची मदत घेताना शिक्षक पाठमोरा असलेली निवडावी, म्हणजे डाव्या-उजव्याचा घोळ होत नाही. गुडघे फार वाकवून खाली जाण्याची हौस करू नये. ताई चीच्याच चेन नावाच्या दुसऱ्या शैलीतील खोल बैठका आणि पाय आपटणे तर आपल्या गुडघ्यांनी पाहूच नये. श्वास नैसर्गिक असावा.

जागा सपाट हवी. हुतात्मा बागेत जात असाल तर हिरवळीपेक्षा फरसबंदी बरी, कारण गवताखालचा खड्डा दिसत नाही. बूट पातळ व सपाट तळाचे असावेत. सोलापूरचा उन्हाळा पाहता एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्यापूर्वी सराव आटोपावा. आणि जिन्याविषयी मनापासून सांगतो : सरावाचा गुण येण्याची वाट न पाहता तिथे आजच दिवा आणि कठडा करून घ्यावा, तसेच डोळे व रक्तातील साखर तपासावी, मधुमेहाने तळपाय बधिर झाले तरीही तोल जातो.

प्रश्न : मी रोज योगासने व प्राणायाम करते. त्यासोबत ताई ची चालेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चालेल. वृक्षासनाची सवय असेल तर एका पायावर भार पेलणे आपल्याला लवकर जमेल. मात्र आसनात स्थिती धरून थांबण्याची सवय असते. इथे एक हालचाल संपण्याआधीच दुसरी सुरू होते, त्यामुळे प्रथम हात मध्येच थबकतील. त्याची काळजी करू नये. ताई ची करताना श्वास रोखू नये. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, प्राणायामाच्या वेळेसाठीच राखून ठेवावा.