पहिलंच होम थिएटर करतोय, बजेट बेताचं आहे. प्रोजेक्टर घेऊ की टीव्ही? आणि आवाजासाठी काय?

खोलीत पूर्ण अंधार करता येत नसेल तर प्रोजेक्टर डोक्यातून काढून टाका. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. पडद्यावर जो काळा दिसतो तो खोलीत अंधार असेल तेवढाच काळा. शिवाय स्वस्त मॉडेलच्या खोक्यावरच्या ‘फोर-के सपोर्टेड’ला भुलू नका. त्याचा अर्थ फोर-के फाइल चालते, इतकाच. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ (प्रोजेक्टर स्वतः प्रत्यक्ष दाखवतो ती चित्राची बारकाई) १०८०पी, म्हणजे फुल एचडी आहे का आणि उजेडाचा आकडा ‘आन्सी ल्युमेन्स’ या प्रमाणित मापात दिलाय का, ते बघा.

टीव्ही बरा असेल तर तोच ठेवा, पैसे आवाजावर घाला. स्वस्तातला ५.१ चा (पाच स्पीकर आणि खोल आवाजासाठी एक सबवूफर) तयार सेट मी तरी घेणार नाही. त्यापेक्षा सेकंडहँड एव्ही रिसीव्हर (आवाज घेऊन स्पीकरना पुरवणारा अॅम्प्लिफायर) आणि समोरचे दोन चांगले बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर घ्या. रिसीव्हर जुना, फोर-के न पेलणारा असला तरी अडत नाही: सगळं टीव्हीला जोडायचं आणि टीव्हीतून आवाज एचडीएमआयच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय) लिहिलेल्या सॉकेटमधून रिसीव्हरकडे न्यायचा. एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल. तिच्यातूनही डॉल्बी डिजिटल ५.१ जातं.

दोन्ही स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर. पुढे पैसे जमले की सबवूफर, मग संवादांसाठी सेंटर, म्हणजे मधला स्पीकर. मागचे स्पीकर सगळ्यात शेवटी.

वायरींचा पसारा नकोच असेल तर साउंडबार घ्या, पण वेगळा सबवूफर असलेलाच.