परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉक्टरला नव्या देशात स्थायिक झाल्यावर कोणते मार्ग खुले असतात?

तुम्ही विचारलंय की पदवी एका देशातली आणि मुक्काम आता दुसऱ्या देशात, तर पुन्हा पेशंट तपासता येतील का, आणि नाही जमलं तर पुढे काय. तपासता येतील. पण कुठलाही देश असो, सगळ्यात जड जातो तो मधला खंड. परीक्षा पुन्हा देता येते; पेशंट न पाहता गेलेली चार-पाच वर्षं भरून काढणं फार अवघड. ऑस्ट्रेलियात नोंदणीच्या एका वर्षात किमान १५२ तास किंवा सलग तीन वर्षांत मिळून ४५६ तास काम झालेलं असावं असा नियमच आहे. अमेरिकेतले बरेच रेसिडेन्सी प्रोग्रॅम (हॉस्पिटलमधलं पदव्युत्तर प्रशिक्षण) पदवीचं साल पाहून अर्ज चाळणीतच बाजूला ठेवतात. म्हणून व्हिसाची वाट पाहताना हातातली नोकरी सोडू नका.

देश सोडण्याआधी कागद गोळा करा. बरेच अर्ज अडतात ते इथे, अभ्यासात नाही. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्यावर कारवाई नसल्याचा कौन्सिलचा दाखला, ब्रिटनची जीएमसी (तिथे डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) फक्त तीन महिने ग्राह्य धरते, त्यामुळे ते शेवटी काढायचं; पण ते मिळायला मूळ कौन्सिलची नोंदणी चालू लागते. नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करून घ्या. पासपोर्ट, पदवी आणि नोंदणी यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का पाहा. लग्नानंतर बदललेलं नाव किंवा पदवीवरची नुसती आद्याक्षरं यांनी अर्ज लटकतात. पदवीची पडताळणी थेट कॉलेजकडून होते, तुमच्या प्रतीवरून नाही. विभागात नेमकं कोण उत्तर देतं ते विचारून ठेवा, नाहीतर विनंती तिथे नुसती पडून राहते. इंटर्नशिपचा तपशील तारखांसकट घ्या. सर्जरी किंवा ॲनेस्थेशियावाल्यांनी लॉगबुकवर विभागप्रमुखांची सही घ्यायलाच हवी. दोन वर्षांनी ते प्रमुख तिथे असतीलच असं नाही.

आता अमेरिका. तिथे परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं: परवान्याच्या यूएसएमएलई परीक्षेतले स्टेप १ आणि स्टेप २ सीके (क्लिनिकल ज्ञानाचा) हे टप्पे, आणि इंग्रजी संवादासाठी ओईटी ही परीक्षा. प्रत्येक स्टेपला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि परीक्षा सात वर्षांच्या आत पुऱ्या करायच्या. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ला गुण मिळत नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे सगळा भार स्टेप २ सीकेच्या गुणांवर आला आहे. नापासाची नोंद कायम राहते, म्हणून सराव परीक्षेचे गुण डळमळीत असतील तर तारीख पुढे ढकला. अर्ज सप्टेंबरमध्ये जातात, मुलाखती थंडीत होतात, मॅचचा, म्हणजे कोणाला कुठली रेसिडेन्सी ते ठरवणाऱ्या जागावाटपाचा, निकाल मार्चमध्ये लागतो आणि रेसिडेन्सी जुलैत सुरू होते. सप्टेंबर हुकला की वर्ष गेलं. बाहेरून आलेल्या बिगर-अमेरिकी डॉक्टरांपैकी अलीकडच्या वर्षांत दहातल्या सुमारे सहांना जागा मिळाली, तीही मुख्यतः इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्समध्ये. ऑर्थो, डर्मा यांवर सगळी आशा ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतो. शिफारसपत्रं तिथल्याच डॉक्टरांची हवीत. नुसत्या ऑब्झर्वरशिपपेक्षा (बाजूला उभं राहून काम पाहणं) पेशंटला प्रत्यक्ष हात लावलेल्या कामाचं पत्र जास्त चालतं. जे-१ (एक्स्चेंज) व्हिसावर शिकलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी जावं लागतं, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करून सूट मिळवावी लागते. राज्याच्या शिफारशीने मिळणाऱ्या या सवलतीला प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात.

तुमची रेसिडेन्सी आधीच मायदेशात झाली असेल तर एक नवं दारही आहे. टेनेसीने २०२३ साली कायदा केला की परदेशात पूर्ण प्रशिक्षण घेतलेल्याला हॉस्पिटलची नोकरी असेल तर तात्पुरता परवाना मिळू शकतो. नंतर इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले. मात्र परवाना मिळाला म्हणजे बोर्ड सर्टिफिकेशन (त्या विषयातला तज्ज्ञ असल्याची मान्यता) मिळालं असं नव्हे, आणि बरेच मालक तेच मागतात.

ब्रिटनचा रस्ता परीक्षेपुरता सरळ आहे. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेला एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७, किंवा ओईटीला प्रत्येक भागात बी. मग जीएमसीच्या प्लॅब परीक्षा: तीन तासांत १८० प्रश्नांची लेखी प्लॅब १ आणि मँचेस्टरला प्रात्यक्षिक प्लॅब २. एमआरसीपी, एमआरसीएससारखी मान्य पदव्युत्तर पात्रता असेल तर प्लॅब लागत नाही. खरी अडचण नोंदणीनंतर येते: एकेका कनिष्ठ जागेवर इतके अर्ज पडतात की जाहिरात मुदतीआधीच बंद होते. प्लॅब २ झाल्याझाल्या नोकरी मिळेल या हिशेबाने घरखर्चाची आखणी करू नका. ऑस्ट्रेलियात एएमसीची (तिथली मेडिकल कौन्सिल) १५० प्रश्नांची परीक्षा आणि त्यानंतर क्लिनिकल परीक्षा असते. शिवाय साधारण १० वर्षं सरकारी विम्याचं बिलिंग फक्त टंचाईच्या भागांतच करता येतं, तेव्हा जोडीदाराची नोकरी मोठ्या शहरातच असेल तर आधीच विचार करा. कॅनडात एमसीसीक्यूई भाग १ (लेखी) आणि एनएसी (प्रात्यक्षिक) या परीक्षा; पण स्वतंत्रपणे फॅमिली प्रॅक्टिस केलेल्यांनी पुन्हा रेसिडेन्सीच्या मागे लागण्याआधी प्रॅक्टिस रेडी असेसमेंट पाहावं. त्यात साधारण १२ आठवडे देखरेखीखाली काम होतं आणि नंतर ठरलेल्या भागात काही वर्षं सेवा द्यायची असते.

एक गैरसमज सतत दिसतो: 'डॉक्टर नाही तर निदान फिजिशियन असिस्टंट होईन.' अमेरिकेत डॉक्टरांसोबत पेशंट तपासणाऱ्या या कामासाठी वेगळा, दोन वर्षांहून जास्तीचा कोर्स आणि वेगळी परीक्षा आहे. तुमच्या पदवीची सूट मिळत नाही.

मॅचच्या सलग दोन हंगामांत एकही मुलाखत आली नाही तर माझं मत स्पष्ट आहे: अर्जात काही ठोस बदल न करता तिसरा हंगाम लढवू नका. दुसरं काम सुरू करा, आणि ते डॉक्टरी ज्ञान रोज वापरणारं असू द्या. क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर (हॉस्पिटलमधल्या चाचण्यांचं काम सांभाळणारा) ही चांगली सुरुवात, कारण हॉस्पिटलशी नातं टिकतं आणि शिफारसपत्रंही मिळतात. अमेरिकेत क्लिनिकल डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे पेशंटच्या नोंदी पुऱ्या आहेत का ते तपासण्याचं, काम आहे. फाइल वाचायची, समजा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ०.९ वरून २.१ वर गेलंय, सलाइन चढवलंय, पण नोंदीत नुसतं डिहायड्रेशन लिहिलंय. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्या आकड्यांचं निदान काय, हे लेखी विचारायचं, आणि तेही उत्तर त्यांच्या तोंडी न घालता. हॉस्पिटलला मिळणारे पैसे या नोंदींवर ठरतात, म्हणून या कामाला किंमत आहे. फार्माकोव्हिजिलन्समध्ये औषधाच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासायचे असतात. चाचणीतल्या औषधाची जिवावर बेतलेली, अनपेक्षित रिॲक्शन ७ दिवसांत नियामकाला कळवावी लागते, बाकीच्या गंभीर पण अनपेक्षित १५ दिवसांत. इथे तुमचं क्लिनिकल डोकं थेट उपयोगी पडतं.

पब्लिक हेल्थची महागडी मास्टर्स मात्र 'काहीतरी हातात असावं' म्हणून घेऊ नका. आधी हव्या त्या नोकरीच्या दहा जाहिराती वाचा आणि त्यांत ती पदवी खरंच मागितली आहे का ते मोजा. आणि या नोकऱ्यांसाठी बायोडेटा दोन पानांचा ठेवा: कॉन्फरन्सची यादी काढून टाका, आणि वॉर्डात किती पेशंट सांभाळले, कुठली सॉफ्टवेअरं वापरली, कोणाला शिकवलं ते वर आणा.