मामांचा जुना पोलरॉइड हातात आलाय, तर आधी एवढं करा

मामांच्या कपाटातून पोलरॉइड ६००, म्हणजे काढल्याबरोबर फोटो हातात देणारा कॅमेरा निघाला, छानच झालं! बॅटरी शोधत बसू नका, ती फिल्मच्या पाकिटातच असते. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत निघालेलं २००८ पूर्वीचं पाकीट बहुधा निकामी असेल, नवंच घ्या.

नव्या पाकिटात फोटो फक्त ८. म्हणून पहिला आठवडा कॅमेरा घरी ठेवून नुसतं बघत फिरा. पहाटे पोदेराच्या (आपल्या गोव्यातल्या पाववाल्याच्या) सायकलवरची पावाची टोपली, तुळशीवृंदावनावरचं तिरपं ऊन, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या मिरच्यांच्या राशी. रोजच्या वाटेवरचं जे दुसऱ्यांदाही तुमचे पाय थांबवेल, त्याचाच फोटो काढा. माझं पहिलं अख्खं पाकीट मिरामारच्या सूर्यास्तावर गेलं आणि सगळी माणसं काळी आली. सूर्य पाठीशीच हवा.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- फोटो हलवणं. हलवू नका! बाहेर येताच उजेडापासून झाका, उपडा ठेवा. रंग भरायला १०-१५ मिनिटं लागतात.
- फार जवळ जाणं. साध्या मॉडेलला निदान १.२ मीटर अंतर लागतं.
- फिल्म गाडीत ठेवणं. २८ अंशांच्या पुढे रंग पिवळट-लालसर होतात, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच. पाकीट फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा.

उजेड कमी-जास्त करायच्या पट्टीला सध्या हात लावू नका. पहिले आठ झाले की दाखवा, मग त्यावर बोलू.